‘बेसूर’, ‘एकसुरी’ आणि विसाव्या शतकातलं पाश्चात्त्य संगीत

प्रश्न: कार्यक्रमपत्रिकेत ‘एटोनल’ला (कुठलाच स्वर आधार न मानणारं संगीत) ‘बेसूर’ आणि ‘मिनिमलिझम’ला (छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवत हळूहळू बदलणारं संगीत) ‘एकसुरी’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर: ‘बेसूर’ मुळीच नको. लावायचा तो स्वर लागला नाही की गाणं बेसूर होतं. एटोनल संगीतात स्वर नेमके असतात, षड्ज तेवढा नसतो. म्हणून ‘षड्जविरहित’ म्हणावं.

संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गची पियानोसाठीची ओपस (रचनाक्रमांक) २५ (१९२१–२३) घ्या. तिची बारा स्वरांची मूळ ओळ पांढरी तीनला सोयीपुरता सा मानून वाचली तर अशी: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ध, शुद्ध रे, शुद्ध नी, शुद्ध ग, कोमल नी, प, कोमल ध, शुद्ध म, तीव्र म. बाराही स्वर एकेकदाच येतात. तानपुऱ्यावर तयार झालेला कान पहिल्याच स्वराला सा धरतो आणि चार-पाच स्वरांत तो आधार सुटतो. रसिक वैतागतात ते इथे. त्यांनी आधी लय धरावी: या रचनेतले गावोत, मिन्युएट, जीग हे भाग म्हणजे जुने नाचच आहेत, त्यांची चाल ओळखू येते.

दुसरं उत्तर: थोडी दुरुस्ती. ओपस २५ सारखी बारा स्वरांची ओळ ठरवून रचना करणं, म्हणजे ‘बारास्वरी’, ही एक पद्धत झाली. ‘षड्जविरहित’ त्याहून व्यापक. शोनबर्गच्याच १९०९ च्या ओपस ११ मध्ये षड्ज नाही आणि अशी ओळही नाही. पत्रिकेत दोन्ही शब्द हवेत.

आता मिनिमलिझम. ‘एकसुरी’ म्हटलं की कंटाळवाणं असा निकालच लागतो. ‘आवर्तनी’ही नको, कारण आवर्तन म्हटलं की श्रोता सम शोधणार. ‘पुनरावर्ती’ बरा. संगीतकार स्टीव्ह राइख यांच्या ‘पियानो फेज’च्या (१९६७) पहिल्या भागात दोन पियानोंवर बारा स्वरांचा एकच तुकडा चालतो. एक वादक लय कायम ठेवतो, दुसरा किंचित वाढवत बरोबर एक स्वर पुढे जातो आणि तिथे स्थिरावतो. अशी बारा सरकणी झाली की दोघे पुन्हा एकत्र. सरकताना घाई केली तर नुसती उडी ऐकू येते आणि मधली सगळी गंमत जाते. ऐकणाऱ्याने एका पियानोच्या मागे लागू नये. दोघांच्या मिश्रणातून जे नवे आकृतिबंध उमटतात, तिकडे कान द्यावा.

प्रश्नकर्ता: मग टेरी रायली यांच्या ‘इन सी’लाही (१९६४) ‘पुनरावर्ती’च?

उत्तर: हो, पण ‘षड्जविरहित’ नक्कीच नाही. ५३ तुकड्यांपैकी प्रत्येक किती वेळा वाजवायचा ते वादक ठरवतो आणि पियानोवर वरचा सी (पांढरी एक) सतत ठोकत राहतात. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे रायली शिकले, ते मात्र या रचनेनंतर.