‘याद’ निजामाची की आपली?

गोदाकाठचा : १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स लागलाय गावात, ‘हुतात्म्यांची याद’. १९४८ साली निजामाच्या तावडीतून सुटलो आणि त्याच दिवशी निजामाचा शब्द? ‘स्मरण’ लिहिता आलं नसतं का?

बालाघाटी : निजामाचा कसा? ‘याद’ फारसी आहे, मान्य. पण निजामाचं आसफजाही राज्य १७२४ चं. देवगिरीवर अल्लाउद्दीन चालून आला १२९६ ला, तुघलकानं तिथं राजधानी आणली १३२७ ला. फारसीची उठबस तेव्हापासूनची. पेशवे दफ्तरात तर ‘याद’ या नावाचेच कागद आहेत. याद म्हणजे ध्यानात राहावं म्हणून लिहून ठेवलेलं टिपण. लग्नात देण्याघेण्याची ‘यादी’ करता ना? ती हीच. का तिला आता ‘स्मरणी’ म्हणून जपमाळ ओढायची?

गोदाकाठचा : कागदात होता म्हणून आपला झाला? मग शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशाला करून घेतला? फारसी शब्दांना पर्याय द्यायलाच ना?

बालाघाटी : घेतला की. तरी जमीन, वकील, हजर कुठं गेले? तुमच्या ‘कागदात’ला कागदसुद्धा तिकडूनच आलाय.

शाळामास्तरीण : दोघांचंही पटत नाही. शब्द कुठून आला यापेक्षा मराठीत त्याचं काय झालं ते बघा. यादी हिशेबाला लागली आणि सुटी ‘याद’ धमकीला. ‘याद राख, परत आलास तर!’ हे आपण कुणाला म्हणतो? फ्लेक्सवरची ‘याद’ निजामाची नाही, हिंदी गाण्यातली आहे. सासरी गेलेल्या लेकीची येते ती सय. ‘स्मृति’ प्राकृतात ‘सइ’ झाली, तिचीच ही सय. आणि गंमत बघा, ‘विसर’ही त्याच ‘स्मृ’ धातूचा, आधी ‘वि’ लागला एवढंच. अस्सल घरचा शब्द पाहिजे तर स्मरणापेक्षा सय जवळची.

गोदाकाठचा : ‘हुतात्म्यांची सय’? बाई, लोक हसतील. सय आपोआप येती, स्मरण ठरवून करावं लागतं. सरकारी कार्यक्रमाला स्मरणच बरं.

शाळामास्तरीण : मग ‘आठवण’ लिहा की सरळ! ती येतेही आणि काढताही येते.

परभणीकर : शब्दावरून लई भांडलात. त्या फ्लेक्सवर एका तरी हुतात्म्याचं नाव हाय का? आमच्याकडच्यावर निस्ते पुढाऱ्यांचे फोटो हायेत.