अकलूजकडं सान्जिओवेझे लावावी का? वाइनच्या द्राक्षाचा अनुभव असलेल्यांनी सांगा

उसातला_माणूस:
नमस्कार मंडळी. माळशिरस तालुक्यात २ एकर मुरमाड रान आहे, ठिबक केलंय, बाकी सगळा ऊस. अकलूजला फ्रातेल्ली वायनरीवाल्यांनी इटालियन लोकांबरोबर मळे केल्यापासनं सान्जिओवेझे हे नाव कानावर पडतंय. त्यांची सेत्ते नावाची वाइन एकदा चाखली, त्यात ही नि कॅबरने सोव्हिन्यॉ मिक्स असते म्हणे, आणि तेव्हापासनं डोक्यात किडा शिरलाय. पण ही इटलीत तोस्कानाची जात, तिकडं थंडी, इकडं मार्चपासनं अंग भाजतंय. वेल टिकेल का? खरं सांगा, कारण वडील म्हणालेत उसाला हात लावलास तर बघ.

दिंडोरीचा_दादा:
वेलाचं टेन्शन घेऊ नको रे, वेल टिकतो. तिकडं थंडीत पानं गळून झोपतो, आपल्याकडं झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी) आणि डोळे एकसारखे फुटायला पेस्टिंग, म्हणजे डोळ्यांना औषध लावणं, हे थॉमसन या खायच्या द्राक्षासारखंच. पुढं मात्र सगळं उलटं. थॉमसनला जीए (वाढीचं संजीवक) देऊन मणी फुगवतो, इथं फुगलेला मणी म्हणजे तोटा कारण रंग नि चव सालीत. ही जात माल पण दाबून धरते, सगळे घड ठेवलेस तर वाइन नाही, लाल सरबत होतं.
खरी गोम विक्रीत आहे. २००८-०९ च्या मंदीनंतर आमच्या वायनरीनं ऐन काढणीत सांगितलं की टाक्या भरल्यात, यंदा माल नको. तोंडी बोलणं, कागद कुठाय? आमची शिराझ, ही पण वाइनचीच जात, मार्केटला नेली तर व्यापाऱ्यानं एक मणी तोंडात टाकला, बिया थुंकल्या आणि काही न बोलता पुढच्या गाडीकडं गेला. पुढच्या वर्षी ते वेल कापून वर थॉमसनचं कलम केलं.

फिरेन्झेहून:
मी ५ वर्षं फ्लॉरेन्सजवळ राहतोय, शेतकरी नाही पण शेजारी सगळे मळेच. क्यांती काय नि ब्रुनेल्लो काय, इथल्या या दोन्ही वाइनमध्ये मुख्यतः हीच जात, पण चव इतकी वेगळी की विश्वास बसत नाही, जागेप्रमाणं फार बदलते ही. इथं काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, म्हणजे हवा गार होत जाते तसा माल पिकतो. तुमच्याकडं फेब्रुवारीत ऊन चढत जाताना पिकणार, त्यात आंबटपणा भराभर उतरतो. पण सान्जिओवेझेत आंबटपणा मुळातच जास्त, त्यामुळं उतरूनही काहीतरी शिल्लक राहतं, मला वाटतं तुमच्याकडं हिला हाच एक प्लस पॉइंट. शिवाय साल पातळ, काढणीत पाऊस आला की इथं घड कुजतात आणि शेजारी आठवडाभर कोणाशी बोलत नाही. तुमची फेब्रुवारी बहुतेक कोरडी, अवकाळी सोडून.

रोपवाटिका_नि_चहा:
दादांशी सहमत. एक भर घालतो. आपल्या उन्हात साखर लवकर चढते, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (साखरेचं माप) २३ दिसलं की माणूस खूश होऊन कात्री घेतो. थांबायचं. मणी दाबून बी बाहेर काढ नि दाताखाली फोड. हिरवट, चिकट, तुरट लागली तर माल कच्चा आहे, मीटर काही म्हणू दे. तपकिरी होऊन भाजल्या दाण्यासारखी कट्कन फुटली तर खरं पिकलं. पण जास्त थांबलास तर आंबटपणा जातो, सगळी कसरत त्या थोड्या दिवसांत.
मुरमाड रान चांगलंच आहे, वाइनच्या वेलाला भारी काळी रानं नकोत, नुसता पाला वाढतो. आणि घाई करू नको. फेब्रुवारीत फक्त डॉगरिज खुंटाची (ज्याच्या मुळांवर दुसऱ्या जातीचं कलम करतात) रोपं लाव, कलम सप्टेंबरपर्यंत करायचं नसतंच. तेवढ्यात वायनरीचा लेखी करार हातात आला तर सान्जिओवेझेची काडी बांध, नाही आला तर त्याच खुंटावर खायची जात.

उसातला_माणूस:
हे भारी आहे राव, खुंट लावून ठेवायचं डोक्यातच नव्हतं. करारात टनावर रेट ठरतो का ब्रिक्सवर?

दिंडोरीचा_दादा:
दोन्ही लिहून घे. आणि कुठल्या तारखेपर्यंत माल उचलणार ते पण, आमचं तिथंच फसलं.

उसातला_माणूस:
ओके. वडिलांना अजून नुसतं डॉगरिजच सांगितलंय, वाइनचं सप्टेंबरात बघू 😅