देव मानत नाही म्हणजे माज आला का?

काळी_माती (दारव्हा तालुका)

मंडळी, पोळ्यापासून हे मनात घोळत आहे, आज लिहूनच टाकतो.

बाबा जाऊन दीड वर्ष झालं. साडेचार एकर वावर, एक बैलजोडी, आई आणि मी. कॉलेजात असल्यापासून मी देव मानत नाही. घरी ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. यंदा बैलांचे खांदे मीच शेकले, हळद-तूप लावलं, झुली घालून जोडी तोरणाखाली नेली. मारुतीच्या पारावर नारळ फोडायची पाळी आली तेव्हा मात्र नारळ चुलतभावाच्या हातात दिला. तेवढ्यावरून मोठे बाबा गावासमोर बोलले, "चार बुकं शिकला त माज आला याले. देवाचं भेव नाही, उद्या मायले घराबाहेर काढीन हा." मागून कोणी म्हणालं, "वाईट वेळ येऊ दे, मंग देवच आठवते." आमचे गुरुजी शांतपणे म्हणाले, "देव नाही हे तू सिद्ध करू शकतोस का? नाही ना? मग तुझाही तो विश्वासच झाला."

मला एकालाही उत्तर देता आलं नाही. रात्री आई चुलीपाशी बसून म्हणाली, "देव नाही म्हनतं, त मंग तुहे बाबा कुठी गेले रे?"

बाकीच्यांना आज ना उद्या देईन उत्तर. आईला काय सांगू?

तुळशी_वृंदावन (वाशीम)

बाळा, मोठ्या बाबांनी चारचौघांत तसं बोलायला नको होतं. मी शेगावच्या महाराजांना मानणारी बाई आहे, तरी हे म्हणते. पण माझंही ऐक. तुम्हा लोकांपैकी बरेचजण आमच्याशी अडाण्याशी बोलावं तसं बोलतात. माझे मालक गेले तेव्हा सोसायटीचं कर्ज होतं, पदरात दोन मुली होत्या. पहाटे पोथी घेऊन बसायचं म्हणून मी अंथरुणातून उठत होते, नाहीतर उठलेच नसते. तुम्ही ती पोथी काढून घेता, आणि बदल्यात काय देता? रशियात देव बंद केला होता, तिथे माणसांचं काय झालं हेही वाचलंय मी.

मापारी (देवळी तालुका)

काळी_माती, माझं वय 63. बाजार समितीत 26 वर्षं मापारी होतो. देव मानत नाही हे कधी लपवलं नाही, म्हणून तू लिहिलेली सगळी वाक्यं मी ऐकून बसलोय.

आधी माजाचं. हा आरोप भगतसिंगावरही झाला होता. 1930 साली लाहोरच्या तुरुंगात त्याने 'मी नास्तिक का आहे' हा लेख लिहिला तो त्याच कारणाने. ओळखीचेच लोक म्हणत होते की नाव झालं आणि याला घमेंड चढली. त्या लेखात तो सरळ कबूल करतो, की श्रद्धेने दुःख हलकं होतं आणि ती नसलेल्याला स्वतःच्याच बळावर उभं राहावं लागतं. फाशी समोर दिसत असताना स्वर्गाचा आधार न घेणाऱ्या 23 वर्षांच्या पोरात मला तरी माज दिसत नाही. पण तुळशीताई म्हणतात तो माज माझ्यात होता. तिशीत असताना अंगात येणाऱ्या माझ्या सख्ख्या आत्याला मी लग्नघरात सगळ्यांसमोर प्रश्न विचारून रडवलं. ती नंतर चार वर्षं जगली, आमच्या घरी मात्र पुन्हा आली नाही. देव न मानण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ती माझी चूक होती, आणि ती मला अजून सलते.

देवाचं भय नसेल तर चोरी कोण अडवणार, हा प्रश्न काट्यावर उभं राहणाऱ्या माणसाला विचारावा. कास्तकार मध्यरात्री गाडी भरून निघालेला असतो, नंबर लागेपर्यंत दुपार होते, डोळे लाल झालेले असतात. तो आकड्याकडे बघतो पण त्याला आकडा दिसत नाही. क्विंटलमागे किलोभर दाबणं तेव्हा चिमटीचं काम असतं. दाबणारे मी पाहिलेत, गळ्यात माळ असलेले आणि नसलेले. न दाबणारेही दोन्हीकडचेच. मला कोणी अडवलं म्हणशील, तर माझा बाप अशाच गाडीवर बसून कापूस विकायला जायचा आणि घरी आल्यावर कंदिलाजवळ वजनाची चिठ्ठी तीन-तीनदा वाचायचा. हिशेब जुळत नसला की चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवायचा आणि न जेवता झोपायचा. काट्यापाशी मला ती टोपी आठवायची.

गुरुजींना धुऱ्याचं भांडण आठवून दे. शेजारी म्हणाला की बाभळीपर्यंत वावर माझं, तर मोजणी कोणी आणायची? ज्याचा दावा त्याने. मी एवढंच म्हणतो की मोजणी दाखवा, दाखवली तर मान्य करीन. याला विश्वास म्हणत नाहीत.

रशियाचं खरं आहे, ताई. 1931 मध्ये मॉस्कोतलं मोठं चर्च सुरुंग लावून पाडलं, पाद्री मारले. त्याची बाजू मी घेणार नाही. तिथे देवाच्या जागी पुढारी बसवला आणि प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षा ठेवली.

आता वाईट वेळेचं. 2011 साली माझी बायको वर्ध्याच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात अकरा रात्री होती. सासूबाईंनी तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. सलाईनची सुई लावायची म्हणून नर्सबाईंनी तो कापला आणि डब्यात टाकायला हात नेला. मी म्हटलं, "ताई, तो इकडे द्या." घामाने ओला, हळदीचा वास येणारा एवढासा तुकडा. मी तो शर्टाच्या खिशात ठेवला, कारण तो बांधताना सासूबाईंची बोटं थरथरत होती ते मी पाहिलं होतं. नवव्या रात्री बाहेरच्या बाकावर बसलो असता "वाचवा हिला" असं माझ्या तोंडून निघालं. कोणाला म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हा होय, आठवण येते, आवाज निघतो, हे मी खोटं सांगणार नाही. पण वावरात तहानेने जीव चालला म्हणून धुऱ्यावर विहीर निघत नाही. अकराव्या दिवशी ती गेली.

सासूबाईंनी मला तुझ्या आईचाच प्रश्न विचारला, "ते वर असन ना, जवाईबापू?" मी म्हणालो, "आई, मला तसं वाटत नाही. पण तिच्याबद्दल तुमच्याशी बोलत बसावं असं फार वाटते." त्या रात्री त्यांनी मला बायकोच्या लहानपणीचं इतकं सांगितलं, जे वीस वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं. तुझ्या आईला पत्ता हवा आहे असं मला वाटत नाही. गेल्या दीड वर्षात तुमच्या घरात बाबांचं नाव किती वेळा निघालं, ते आठवून बघ.

ताई, तुमची पोथी कोणी काढून घेऊ नये. तिने तुम्हाला उठवलं हे मी मानतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासूबाई गेलेल्या लेकीच्या नावाने घागर मांडतात, ती मीच भरून देतो.

निळी_पहाट (उमरेड)

देवाशिवाय नीती कुठून येणार म्हणतात तेव्हा मला आजी आठवते. 14 ऑक्टोबर 1956 ला ती बैलबंडीने नागपूरला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला गेली होती. त्या 22 प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही हे आहे, आणि त्यातच चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही हेही आहे. आजीला अक्षर येत नव्हतं, पण आजोबांची दारू तिने त्याच प्रतिज्ञेच्या बळावर सोडवली. आम्ही स्वतःला नास्तिक म्हणत नाही, पण जग घडवणारा देव आमच्या घरात नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे कोणी बाहेर काढलेलं नाही.

हे विलायती खूळ आहे असंही लोक म्हणतात. देव न मानणारे आपले जुने चार्वाक कुठले होते मग? कर्ज काढून तूप प्या हे वाक्य त्यांच्या नावावर सांगतात, ते 14व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून आलं, म्हणजे विरोधकाच्या लेखणीतून. त्यांची मूळ सूत्रं उरलीच नाहीत.

सडेतोड

मापारी काका, बाकी सगळं पटलं. पण घागर का भरता? याच तडजोडीकडे बोट दाखवून लोक म्हणतात, बघा, आतून हेही मानतात. एक तर माना, नाही तर सोडा.

मापारी (देवळी तालुका)

बापू, सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. भरलेली घागर त्यांना उचलत नाही. मी पाणी भरून पाटावर ठेवतो, वरचा आंबा त्या ठेवतात, नमस्कार त्या करतात. मी करत नाही, त्या सांगतही नाहीत. मग दोघं शेवया खायला बसतो. मी काय मानतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, यात कोणाची फसवणूक नाही.

आमच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा गांधीजींकडे तिथे यायचे, दोघांचा वाद व्हायचा. गोरांच्या मुलीचं लग्न दलित समाजातल्या तरुणाशी ठरलं, तेव्हा ते आश्रमात लावायला आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्य म्हणायला गांधीजी तयार झाले. रोज रामाचं नाव घेणारा माणूस. ते गेल्यावर 1948 मध्ये ते लग्न सेवाग्रामातच लागलं. रामनाम घेणाऱ्याने नास्तिकासाठी एवढं केलं, तर मी सासूबाईंसाठी घागरभर पाणी आणू नये का?

काळी_माती (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला विचारलं, बाबांनी पहिली जोडी कुठून आणली होती? ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, बैलबाजारातून, दोन दिवस पायी चालत, आणि डाव्या बैलाच्या पायात काटा रुतला म्हणून शेवटचे तीन कोस बाबा त्याच्याच चालीने चालले. साडेअकरापर्यंत बोलत होती. देवाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

मोठ्या बाबांकडे अजून गेलो नाही. या हप्त्यात सोयाबीन काढायचं आहे, मळणीयंत्र त्यांचंच लागतं, तेव्हा जावंच लागेल.