एकाच फोल्डरमधून छपाईची आणि मोबाईलची पीडीएफ: मराठी पुस्तकाचं प्रोजेक्ट कसं लावायचं?

वाईचा_घाट
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी आणि बारवांवर आमचा गट पुस्तक करतोय, लिंबची बारा मोटेची विहीर त्यात आहेच पण गावोगावच्या कुणी न बघितलेल्या विहिरीही आहेत. मजकूर झीलेटेकमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलीतून पुस्तकाची पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम) लावलाय. आता अडचण अशी की तीच फाइल माझ्याकडे चालवली की एक पानसंख्या येते आणि कराडच्या मित्राच्या लॅपटॉपवर दुसरीच, त्यामुळे अनुक्रमणिका कुणाची खरी धरायची तेच कळेना. शिवाय आतला मजकूर एकदम व्यवस्थित दिसतो पण प्रकरणांच्या शीर्षकात ‘विहीर’ची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. आणि आम्हाला दोन पीडीएफ पाहिजेत, एक छपाईला डेमी आकारात आणि एक मोबाईलवर वाचायला. सध्या त्यासाठी फोल्डरच्या दोन प्रती आहेत, एकीत दुरुस्ती केली की दुसरीत परत करावी लागते. हे नीट एकदाच कसं लावायचं?

सांगली_डीटीपी
शीर्षकाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. मजकूर बरोबर आणि शीर्षकच तुटतंय म्हणजे शीर्षकाला वेगळा फॉन्ट लावलाय आणि त्याला स्क्रिप्ट, म्हणजे लिपी, सांगितलेली नाही. फॉन्टस्पेक या फॉन्ट लावायच्या पॅकेजमध्ये प्रत्येक फॉन्टला स्वतंत्रपणे स्क्रिप्ट देवनागरी सांगावं लागतं, मुख्य फॉन्टला दिलं म्हणून शीर्षकाच्या सॅन्स (साध्या, सरळ वळणाच्या) फॉन्टला आपोआप लागत नाही. पॉलिग्लॉसिया (भाषा निवडायचं पॅकेज) वापरत असाल तर देवनागरीचा मुख्य फॉन्ट आणि देवनागरीचा सॅन्स फॉन्ट असे दोन्ही वेगवेगळे जाहीर करा, दोन्हीत स्क्रिप्ट द्या आणि त्याच्या शेजारीच लँग्वेज मराठी पण द्या. बरेच जण हे दुसरं सोडून देतात आणि मग ल आणि श हिंदी वळणाचे येतात. अर्थात फॉन्टमध्येच मराठी वळणाची सोय पाहिजे. नोटो सेरिफ देवनागरीत ती आहे. तिरो देवनागरी मराठी तर मराठी वळणासाठीच केलाय आणि पुस्तकाच्या मजकुराला फार देखणा दिसतो, फक्त त्यात बोल्ड नाही, रेग्युलर आणि इटॅलिक एवढंच. म्हणून शीर्षकाला मुक्ता घ्या, ते भरपूर वजनांत मिळतं.

माहुली_संगम
पानसंख्येचं कारण बहुतेक हे की दोघांच्या मशीनवर एकाच नावाच्या फॉन्टच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतील, किंवा पॅकेजं मागेपुढे असतील. अक्षराची रुंदी केसभर बदलली तरी ओळ तुटायची जागा बदलते आणि शंभर पानांत ते साचत जातं.

मी असल्या कामाला टेक्टॉनिक नावाचा पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम वापरतो. आतलं इंजिन झीटेकचंच, म्हणजे झीलेटेक ज्यावर चालतं तेच आहे त्यामुळे तुमचा मजकूर बदलावा लागणार नाही. नवीन प्रोजेक्ट काढलं की फोल्डरच्या मुळाशी टेक्टॉनिक डॉट टॉमल नावाची फाइल येते आणि आत सोर्स फोल्डर, त्यात प्रिअॅम्बल (सुरुवातीची मांडणी), इंडेक्स (प्रत्यक्ष मजकूर) आणि पोस्टअॅम्बल (शेवट) अशा तीन फाइली. टॉमल फाइलमध्ये डॉक सेक्शन असतो, तिथे नाव आणि बंडलचा, म्हणजे पॅकेजांच्या गठ्ठ्याचा, पत्ता लिहिलेला असतो. हा बंडलचा पत्ता महत्त्वाचा, कारण सगळी पॅकेजं तिथूनच उतरतात, म्हणजे तुम्ही आणि कराडकर दोघंही तंतोतंत तीच पॅकेजं वापरता. फॉन्ट मात्र मशीनवरचा घेऊ नका. फॉन्टच्या फाइली सोर्समध्ये ठेवा आणि फॉन्टस्पेकला फॉन्टचं नाव न देता एक्स्टेन्शनसकट फाइलचं नाव द्या.

दोन पीडीएफसाठी त्याच टॉमलमध्ये आउटपुटचे दोन सेक्शन लिहा, एक छपाई आणि एक मोबाईल. प्रत्येकाला स्वतःची प्रिअॅम्बल फाइल देता येते, इंडेक्स दोघांना एकच. छपाईच्या प्रिअॅम्बलमध्ये ५.५ बाय ८.५ इंच कागद, मोबाईलच्यात लहान पान आणि जवळजवळ शून्य समास, बाकी फॉन्ट, भाषा, शीर्षकांची सजावट हे तिसऱ्या फाइलीत टाकून दोन्हीकडून ओढून घ्या. फोटोंचंही तसंच करा, एकाच नावाचे फोटो दोन फोल्डरमध्ये, छपाईचे ३०० डीपीआय आणि मोबाईलचे हलके, आणि ग्राफिक्सपाथ (फोटो कुठल्या फोल्डरमधून घ्यायचे ते) त्या त्या प्रिअॅम्बलमध्ये. बिल्ड केलं की बिल्ड फोल्डरमध्ये दोन्ही वेगवेगळ्या पीडीएफ तयार. दुरुस्ती एकाच जागी.

पहिल्या वेळेला नेट लागतं, नंतर उतरलेलं सगळं मशीनवरच राहतं.

मिरज_कॉर्नर
सगळं पटलं पण एक विचारतो, पुस्तकाला शेवटी गावांची सूची देणार आहात का? विहिरींच्या पुस्तकाला सूची पाहिजेच, नाहीतर वाचणारा आपल्या गावची विहीर शोधणार कशी. टेक्टॉनिक बिबटेक (संदर्भयादी लावायचा प्रोग्रॅम) स्वतः चालवतं पण सूची लावायचा प्रोग्रॅम स्वतःहून चालवत नाही, आणि साधा मेकइंडेक्स हा सूचीचा प्रोग्रॅम तसाही देवनागरी क्रम लावत नाही. सूची असेल तर मी म्हणेन पूर्ण टेक्स लाइव्ह (झीलेटेक आणि सगळी पॅकेजं एकत्र असलेला संच) घ्या, दोघांकडे एकाच वर्षाचं, आणि लेटेकएमके वापरा, ते लागणारे सगळे प्रोग्रॅम ओळीने चालवतं. त्याच्या आरसी (सेटिंगच्या) फाइलीत पीडीएफ मोड ५ लिहिलं की झीलेटेक लागतं, आणि मेकइंडेक्सच्या जागी अपमेंडेक्स सांगायचं, ते आपला अक्षरक्रम बरोबर लावतं. जागा जास्त खातं, पण परत परत हाताने सूची लावण्यापेक्षा परवडलं.

वाईचा_घाट
सॅन्स फॉन्टला स्क्रिप्ट दिल्याबरोबर शीर्षकं सरळ झाली, खूप आभार. फॉन्ट फोल्डरमध्ये घेतले आणि आता दोन्हीकडे पानं सारखी येतायत. सूची देणार आहोत त्यामुळे मिरजकरांचा रस्ता धरतोय, पण दोन प्रिअॅम्बल आणि एक सामाईक फाइल ही रचना तशीच ठेवली, फक्त मुख्य फाइली दोन केल्या.

अजून एक राहिलं. जुनी प्रकरणं नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये होती, ती कन्व्हर्टरमधून काढली तर ‘पायऱ्या’चं सगळीकडे ‘पायर्या’ झालंय. बारवेच्या पुस्तकात पायऱ्या पानोपानी आहेत. सगळीकडे एकदम बदलू का?

सांगली_डीटीपी
सरसकट अजिबात बदलू नका, ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ सगळ्यांचा रफार जाईल. शब्दागणिक बदला: पायऱ्या, दऱ्या, शेतकऱ्यांच्या, किनाऱ्यावर अशी यादी करा आणि एकेक शब्द शोधून बदला. बदलताना नुक्त्याचा ऱ घ्या, त्याला हलंत आणि पुढे य. जोडणी साधा र, हलंत आणि शून्य रुंदीचं, न दिसणारं जोडअक्षर घालून पण करता येते, पण दोन पद्धती एकाच फाइलीत आल्या तर पुढे शोधताना निम्मे शब्द सापडत नाहीत, आणि सूचीत एकच गाव दोनदा छापलं जातं. ‘दर्या’ समुद्राच्या अर्थाने आला असेल तर तो तेवढा डोळ्यांनी बघून सोडा.