'ओजामा', 'ओसेवा' : जपानी घरी मुक्कामाला जाताना

प्रश्न : मुलगी शिकायला नागोयाला चालली आहे, तिथे एका कुटुंबात राहील. वर्गात तिला सांगितलं की घरात शिरताना 'ओजामा शिमास्' म्हणायचं. कोशात पाहिलं तर 'जामा' म्हणजे अडथळा. आल्या आल्या असं का म्हणायचं? आणि निरोपाच्या 'ओसेवा नि नारिमाशिता'मधला 'सेवा' आपलाच ना?

प्रतिसाद : अर्थ बरोबर आहे, आणि म्हणायचंही तसंच. आपण 'त्रास द्यायला आलोय हं' म्हणत आत शिरतो, त्याच चालीचं. निघताना तेच भूतकाळात, 'ओजामा शिमाशिता'. मुक्काम असेल तर पहिल्याच दिवशी 'ओसेवा नि नारिमास्' म्हणावं. 'आता माझं सगळं तुम्हालाच बघावं लागणार' असा त्याचा भाव. यात सेवा पाहुणा करत नाही, करून घेतो, एवढं लक्षात असू द्या.

यजमानीणबाई दारात 'ओआगारि कुदासाइ' म्हणतील, म्हणजे 'वर या'. 'आत या' नाही. कारण बूट काढायची जागा, गेन्कान, खालच्या पातळीवर असते आणि घराची जमीन एक पायरी वर. बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवायचे. आत सपाता मिळतात, पण तातामीच्या (गवती चटयांच्या) खोलीत त्याही काढायच्या. शौचालयातल्या सपाता वेगळ्या. त्या घालून बाहेर येणारे पाहुणे जपानमध्ये विनोदाचा कायमचा विषय आहेत.

प्रतिसाद : 'सेवा'बद्दल. ऐकायला गोड वाटतं, पण आपल्या 'सेवा'शी तो जोडू नये. जपानी कोशकार त्याचं नातं साधारणपणे 'सेवाशी' (गडबडीचा, धावपळीचा) या देशी शब्दाशी लावतात. लिहिताना त्याला 'जग' आणि 'बोलणं' ही अक्षरं नुसती उच्चारासाठी दिली आहेत.

खरा आपला शब्द आहे तो 'जामा'त, आणि कानाला अजिबात कळत नाही! त्यातलं 'जा' म्हणजे दुष्ट, आणि 'मा' हे चिनी भाषांतरकारांनी 'मार' लिहायला योजलेलं अक्षर. मार म्हणजे बोधिवृक्षाखाली बुद्धाच्या आड आलेला तोच. बौद्ध ग्रंथांत 'जामा' म्हणजे साधनेत विघ्न आणणारा दुष्ट मार. पुढे झिजत झिजत तो साधा 'अडथळा' झाला. उच्चार जुळला की कुळी जुळवायची आपली खोड आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

प्रश्न : वा, मार! हे सुचलंच नसतं. रोज कॉलेजला जाताना काय म्हणायचं?

प्रतिसाद : 'इत्तेकिमास्'. ताई, हे तर तिला शिकवायलाच नको. 'इत्ते' जाऊन, 'किमास्' येते. घरचे म्हणतील 'इत्तेराश्शाय', जाऊन ये. परतल्यावर 'तादाइमा', त्यावर 'ओकाएरि'. काही दिवसांनी तिने दारात 'ओजामा'ऐवजी 'तादाइमा' म्हटलं, की घरचे खूश होतील.

जेवणाआधीचा 'इतादाकिमास्' हाही 'इतादाकु'वरून, त्याचा मूळ अर्थ डोक्यावर धारण करणं. आपण प्रसाद कपाळाला लावतो तसं. जेवणानंतर 'गोचिसोसामा', त्यातल्या 'चिसो'त पाहुण्यासाठी केलेली धावपळ आहे. जेवताना चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत, मृताच्या नैवेद्याला तसं करतात.

प्रतिसाद : आंघोळीचं कुणी लिहिलं नाही, आणि खरी फजिती तिथेच होते. 'ओफुरो' म्हणजे टबात बसणं, अंग घासणं नव्हे. साबण, केस, सगळं टबाबाहेर धुऊन घ्यायचं, मगच त्या गरम पाण्यात उतरायचं. तेच पाणी घरातले सगळे वापरतात, त्यामुळे बूच काढायचं नाही, झाकण मात्र घालायचं. पाहुण्याला बहुतेक पहिला मान देतात. बाहेर आल्यावर 'ओसाकि नि' म्हणायचं : 'तुमच्या आधी झालं हो माझं.'

प्रश्न : झाकण आणि बूच, लिहून ठेवते. भेट म्हणून चिवडा चालेल?

प्रतिसाद : चालेल, फार तिखट नको. छान कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी द्यायला सांगा. बरोबर 'त्सुमारानाइ मोनो देस् गा' (क्षुल्लक वस्तू आहे, पण) म्हणायची जुनी रीत आहे. हल्ली पुष्कळांना ती अतिच वाटते. त्यापेक्षा 'आमच्याकडे दिवाळीत करतात' असं सांगितलं तर गप्पांना विषय तरी मिळेल.