शब्दचर्चा : ‘निरपेक्ष दाब’ आणि ‘गेज दाब’

प्रश्न (लातूर) : तंत्रनिकेतनात द्रवयांत्रिकी शिकवताना ‘निरपेक्ष दाब’ असे म्हटले, की विद्यार्थ्यांना ‘निरपेक्ष सेवा’ आठवते. ‘निरपेक्ष दाब’ आणि ‘गेज दाब’ हे दोन शब्द नेमके कोठे आणि कसे वापरावेत?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : ‘निरपेक्ष दाब’ यातील ‘अपेक्षा’ म्हणजे तुलना. संपूर्ण निर्वात हे शून्य धरून मोजलेला दाब तो निरपेक्ष दाब, आणि त्या जागेच्या हवेचा दाब हे शून्य धरून मोजलेला तो गेज दाब (गेज म्हणजे दाब मोजण्याचे उपकरण). ‘मापी दाब’ हाही शब्द चालेल. पण कारखान्यात सगळे ‘गेज’च म्हणतात, तेव्हा तो टाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

गेजचा काटा हवेच्या दाबाला शून्य का म्हणतो, हे बूर्दों नळी पाहिली की कळते. यूजीन बूर्दों यांनी 1849 साली फ्रान्समध्ये पेटंट घेतलेल्या या गेजमध्ये अर्धवर्तुळाकार वाकवलेली चपटी नळी असते. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. नळीच्या बाहेरून हवा दाबतच असते, त्यामुळे काट्याला कळतो तो केवळ आतल्या-बाहेरच्या दाबांतील फरक.

आमचे छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 568 मीटर उंच असल्याने येथे हवेचा दाब साधारण 0.95 बार (बार हे दाबाचे एकक) असतो, तर समुद्रसपाटीचा प्रमाण दाब 1.013 बार आहे. येथील वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात कॉम्प्रेसरचा गेज 7 बार दाखवत असेल, तर टाकीतील निरपेक्ष दाब 7.95 बार होतो आणि हवा दाबण्याचे गुणोत्तर 7 नव्हे, तर जवळपास 8.4 येते. वायूच्या नियमांत निरपेक्ष दाबच घालावा लागतो. नळातील दोन ठिकाणांच्या दाबांची वजाबाकी करायची असेल, तर मात्र दोन्हीकडे एकच शून्य धरल्यावर कोणताही दाब घ्या, उत्तर तेच येते.

प्रतिप्रश्न (परभणी) : मग ‘उणे दाब’ हा शब्दप्रयोग चूक म्हणायचा का?

उत्तर : गेज दाबाबद्दल तो अगदी योग्य आहे. विहिरीच्या काठावर बसवलेल्या मोनोब्लॉक पंपाच्या सक्शन पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून तेथील गेज दाब उणा भरतो. निरपेक्ष दाब तेव्हाही शून्याच्या वरच असतो. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण सर्रास म्हणतो, परंतु पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावरची हवा. संभाजीनगरच्या उंचीवर ती जास्तीत जास्त साडेनऊ मीटरच्या थोडे वर पाणी चढवू शकेल, तेही पाण्याची वाफ होत नाही असे मानले तर. तीस अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब (दाब याच्या खाली गेला की पाण्याची वाफ होऊ लागते), जो नेहमी निरपेक्षच सांगतात, सुमारे 0.042 बार असतो. तो वजा केला की मर्यादा सव्वानऊ मीटरवर येते, आणि पाइपातील घर्षण व पाइपाच्या तळाशी बसवलेल्या फूट व्हॉल्व्ह या झडपेचा अडथळा धरला की प्रत्यक्षात सहा-सात मीटरांच्या पुढे पंप पाणी नीट उचलत नाही. उन्हाळ्यात विहीर खोल गेली की पंप खाली उतरवावा लागतो किंवा सबमर्सिबल टाकावा लागतो, तो याचमुळे.

वापराबाबत माझे मत असे, की नुसते ‘दाब 2 बार’ असे लिहूच नये. ‘2 बार, गेज’ किंवा ‘2 बार, निरपेक्ष’ असे आकड्यालगत लिहावे, आणि गेज दाब दिला असल्यास त्या ठिकाणचा हवेचा दाबही नोंदवावा.