मोत्याले झटके येतात, रक्तात शिसं तपासावं का?

नमस्कार मंडळी. आर्णीकडचं गाव, गावठी कुत्रा, वय ३. दिवाळीपासून तिसरा झटका. परवा रात्री तुरीच्या गंजीजवळ आडवा पडला, पाय सायकल चालवल्यासारखे, तोंडाले फेस. मोबाईलवर वेळ लावली, दीड मिनिट. मग अर्धा तास भिंतीले धडकत फिरला, मलेही ओळखेना. आई म्हणे कांदा हुंगव. पुतण्या म्हणे जस्त कमी पडलं, पावडर मागवू. गोठ्यात फवारणी पंपाची फुटकी बॅटरी पडून आहे, हा तिथंच झोपते.

– पराटीवाला

भाऊ, आधी बॅटरी उचला, हातमोजे घालून. त्यात शिसं असते. ते पोटात गेलं तर झटके येतात, पण बहुधा उलट्या, पोटदुखीही दिसते. तपासणीले अख्खं रक्त द्या, सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) नाही. शिसं तांबड्या पेशींत बसते. पावडर मनानं नको. जस्त जास्त झालं तर त्याच पेशी फुटतात. तीन वर्षांच्या कुत्र्याले साधी मिरगीही असू शकते. फवारणीचं औषध चाटलं का, तेही आठवा.

आमच्या शेरू कुत्र्याले ब्रोमाइड, म्हणजे झटक्याचं औषध, चालू आहे. पोराने सुकट चारली, मीठ वाढलं, औषध लघवीवाटे गेलं अन् झटका आला. झटका ५ मिनिटांवर गेला तर थांबू नका, डॉक्टर गाठा. तोंडात हात नका घालू, मी घातला होता, ३ टाके.

उलटी नाही, भाकर चापून खाते. बॅटरी भंगारवाल्याले दिली. सोमवारी रक्त द्याले नेतो.

– पराटीवाला